दाताची वरात

याकोबमामांवर काहीतरी लिहा, असं आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक मला बरीच वर्षं सांगत आले. कधी नाताळच्या अंकासाठी, कधी नुसतंच गप्पांच्या ओघात. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, नीट आठवत नाही. सगळं खोटं. डोळे ठीक आहेत, हात पत्ते पिसायला अजून चांगला चालतो, आणि याकोबमामा आठवत नाहीत असं म्हणायला माणसाला डोकंच नसावं लागेल. खरं कारण असं, की त्यांची गोष्ट सांगायला लागलं की ती हसत हसत एका ठिकाणी येऊन पोचते, आणि तिथं हातात चिमटा घेऊन मी उभा असतो. तिथवर आलो की मी आजवर विषय बदलत आलो. आज बदलणार नाही. पण आधी हसून घेऊ. मामांना तेच आवडलं असतं.

याकोब लोंढे सोलापुरातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. बुटके, गोल, आणि गाल असे की तोंडात कायम दोन पेढे धरलेत. बायको सोडून सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. आमचे पाळकसाहेबसुद्धा उपासनेत 'बंधू याकोब' अशी सुरुवात करायचे आणि दुसऱ्या वाक्याला मामावर यायचे.

नाताळ उरकला की जानेवारीत आमच्या मंडळीची आरोग्यफेरी निघायची. आठवडाभर खेड्यापाड्यांतल्या शाळा. एका वर्षी सांगोल्याच्या बाजूला, एका वर्षी दुधनीकडं, कधी मोडनिंबच्या आसपास. एक टेंपो, एक जीप. पोरांची वजनं करायची, डोळे-कान बघायचे, जंताच्या गोळ्या द्यायच्या. सोबत मंडळीच्या दवाखान्यातल्या दोन-तीन सिस्टर, पुण्याहून आलेली कॉलेजची मुलं, आणि काही वर्षी परदेशातले पाहुणे. हे पाहुणे पोरांशी फार प्रेमानं खेळायचे, आणि दुसऱ्या दिवशी शेंगाचटणी चाखून तिसऱ्या दिवशी स्वतःच पेशंट व्हायचे. मी दातांचा डॉक्टर. शहरात माझा दवाखाना होता, आणि ह्या फेरीत मी दरवर्षी जायचो.

मामा फेरीत आले ते पौषामुळं. पौषात लग्नं नसतात, म्हणजे बँडवाला रिकामा. घरी बसलं की बायकोशी भांडण होतं, म्हणून त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "सामान उचलायला येऊ का? जेवणावर." पाळकसाहेब म्हणाले, या. मामा आले ते बँडचा लाल कोट घालून आणि काखेत ट्रम्पेट मारून. कोटाला सोनेरी झालर, पोटावरची बटणं कधीच सोडून गेलेली, आणि पायात स्लिपर.

मी म्हटलं, "मामा, आपण पोरं तपासायला चाललोय. हे कशाला?"

"कोट थंडीला," मामा म्हणाले, "आणि हिला घरी ठेवली तर बायको मोडीत घालती."

टेंपो सुटण्याआधी पाळकसाहेबांची प्रार्थना असायची. ती चांगली असायची, पण बस्तान बसलं की लवकर उठायची नाही. त्या दिवशी साहेबांनी श्वास घेतला तेवढ्यात मामा म्हणाले, "आमेन!" सगळे म्हणाले, आमेन, आणि ड्रायव्हरनं गाडी चालू केली. पुढल्या वर्षीपासून ही प्रार्थना मामांकडंच आली. ती मला तोंडपाठ आहे. "देवा, पोरांची तोंडं उघड. डाक्टरसायबाचं तोंड बंद ठेव. टेंपो चालू ठेव. आमेन." मी पोरांवर फार ओरडायचो, त्याचा तो उल्लेख होता. पाळकसाहेब खाली मान घालून हसायचे आणि मीही हसल्यासारखं करायचो.

पहिल्याच शाळेत काय झालं ते सांगतो. मी एका वर्गात खुर्ची मांडली. पहिल्या पोराचा किडका दात काढला. दुधाचाच दात, शिंकला असता तरी पडला असता. पण पोरानं अशी किंकाळी फोडली की बाहेरची सगळी रांग कुंपणावरून पसार झाली. रांगेत उरले फक्त गुरुजी. पोरगं तोंडावर हात धरून अंगणात पळालं. तिथं मामा खोकी उतरवत होते. त्यांनी पोराला बघितलं, खोक्यातली बँडेजची पट्टी उचलली, तिच्या मुंडावळ्या करून पोराच्या कपाळाला बांधल्या, त्याला एका गुरुजींच्या खांद्यावर बसवलं, आणि ट्रम्पेट तोंडाला लावून वरातीची चाल सुरू केली.

कुंपणापलीकडून एकेक डोकं वर आलं.

मग कुणीतरी छत्री आणली आणि ती नवरदेवाच्या डोक्यावर धरली. मामांनी एका पोरीला बोलावून तिच्या हातात माझ्या टेबलावरची स्टीलची वाटी दिली. वाटीत दात. "तू करवली. दात सांडायचा न्हाय बरं का. नवरी हाय ती." पुढं करवली, मागं मामा, त्यांच्यामागं गुरुजींच्या खांद्यावर रडता रडता हसायला लागलेला नवरदेव, आणि त्यामागं हात वर करून नाचणारी अख्खी शाळा. वरात शाळेला फेरी मारून पिंपळापर्यंत गेली आणि परत आली. परत आली तेव्हा माझ्या खोलीपुढं रांग होती, आणि ती आपापसात ढकलाढकली करत होती.

त्या दिवसापासून दाताची वरात हा आमच्या फेरीचा रिवाज झाला. आणि माझा त्रास सुरू झाला. कारण आता चांगले दात असलेली पोरंही येऊन बसायला लागली.

"तुझा दात चांगला आहे. जा."

"काढा की डाक्टर!"

"कुठला काढू?"

"कुटला बी काढा! एक तर काढा!"

मी बाहेर येऊन ओरडलो, "मामा, दात काढायला मी आलोय. तुमच्यामुळं न काढण्यासाठी भांडावं लागतंय!" मामांनी थोडा विचार केला आणि जाहीर केलं, की ज्याचा दात काढायचा त्याची वरात, आणि ज्याचे सगळे दात चांगले त्याचा साखरपुडा. साखरपुड्याला छोटी चाल वाजेल, नवरदेवाला फुलाऐवजी ब्रश मिळेल. "फकस्त साखर न्हाय," मामा म्हणाले. "डाक्टरसायेब मारत्यात."

दुधनीच्या बाजूला एका शाळेत पोरं घरी कानडी बोलायची. मी 'आ कर, आ कर' म्हणून स्वतःच आ करून बसलेलो, आणि पोरं माझे दात मोजत होती. मामा खिडकीतून ओरडले, "बायी तेगी म्हना!" मी म्हटलं, बायी तेगी, आणि सगळ्या वर्गाची तोंडं एकदम उघडली. अगदी मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापकांचंही. मामांना कानडी कुठून येतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वरातीत आपल्यापुढं जो नाचतो त्याची भाषा यायलाच पायजे. न्हायतर फर्माईश कशी कळंल?"

एका गावात सरपंच जरा ताठ होते. मंडळीची गाडी आली म्हटल्यावर त्यांच्या मनात शंका. त्यांनी मामांना बाजूला घेतलं. "वाजवा म्हणे. पण तुमच्या देवाची गाणी चालणार न्हाईत हितं."

"मी लग्नातलं वाजवतो सरपंच," मामा म्हणाले. "गणपतीत वाजवतो, उरसात वाजवतो, जयंतीला वाजवतो, नाताळात वाजवतो. कुटल्या बी देवानं आजवर चाल बदल म्हणून सांगितलं न्हाय. मालक लोकच सांगत्यात."

सरपंच हसले. दुपारी त्यांच्या नातवाची वरात निघाली तेव्हा छत्री त्यांनीच धरली होती.

मामांना मात्र स्वतःच्या दाताची भयंकर भीती. एक दाढ ठणकायची. कडक भाकरी ते चहात बुडवून दुसऱ्या गालानं खायचे. मी कधी म्हटलं, मामा, बसा खुर्चीत, की ते टेंपोच्या पलीकडं. "ट्रम्पेटवाल्याचं पोट दातावर हाय सायेब. तुमचा हात पोरांत राहू द्या." आणि हे सगळ्या पोरांसमोर. पोरं खो खो हसायची.

हळूहळू असं झालं, की आमचा टेंपो गावात शिरला की पोरं मागं धावत विचारायची, "बँडवाले डाक्टर आले का?" खरा डाक्टर कोण, हे कुणी विचारायचं नाही. पाहुणे मामांचे फोटो काढायचे, मामांच्या कोटाला हात लावून बघायचे. मी आतल्या अंधाऱ्या खोलीत वाकून वाकून कंबर धरून बसायचो. मला राग यायचा असं म्हणणार नाही. पण बाहेर नवी चाल सुरू झाली की माझा आवाज थोडा चढायचा, हे सिस्टरांच्या लक्षात आलं होतं.

आता ते ठिकाण आलं.

सांगोल्याच्या पुढं डाळिंबाच्या बागांना लागून एक शाळा. पारू नावाची सहा-सात वर्षांची मुलगी आजोबांबरोबर आली होती. आजोबा शेळ्यांना पाणी पाजून तसेच आलेले, काठी दाराशी टेकवून उभे. पारूची दुधाची दाढ किडून काळी झाली होती, आणि तिच्या मागं नवी पक्की दाढ नुकतीच वर आली होती, स्वच्छ, पांढरी. पारू खूश होती. सकाळपासून तिनं चार वराती बघितल्या होत्या, आणि आता तिची निघणार होती. मामा खिडकीच्या गजांशी उभे होते. ट्रम्पेट काखेत, हातात मुंडावळ्या तयार, आणि पारूला हसवायला दोन्ही गाल फुगवून डोळे तिरळे केलेले.

त्या वर्षीच्या पाहुण्यांत हॅना म्हणून एक मुलगी होती. तिच्याकडं मोठा कॅमेरा. आठवडाभरात ती पहिल्यांदा माझ्या खोलीत आली. तिनं हातानं खूण केली, डॉक्टर, इकडं बघा. मी बघितलं. नुसतं बघितलं नाही, हसलो. मान जरा वर केली, पोट आत घेतलं. हात आपलं काम करत होता.

दुधाची दाढ हलकी निघते. ही जड निघाली. तेव्हाच कळलं. बघतो तर चिमट्यात लांब मुळांची, स्वच्छ, पांढरी दाढ. पारूच्या तोंडात काळी तशीच.

आजोबा पुढं आले. त्यांनी पारूचा जबडा धरून आत बघितलं, चिमट्याकडं बघितलं. "अवो, दुखती दाढ तर हितंच हाय की! ही कुटली काढली? नवी होती न्हवं ती? आता ती परत येती का?"

परत येत नाही. दारात माणसं जमायला लागली. गुरुजी आले, पाळकसाहेब आले. कुणीतरी म्हणालं, "लांबून येत्यात आनि पोरांवर शिकत्यात." ह्या गावात परत कुणी आम्हाला उभं करणार नाही, हे मला दिसत होतं. त्याहून जास्त दिसत होतं ते पाळकसाहेबांचं तोंड. आणि मी म्हणालो,

"काय करणार? ही पिपाणी! कानाजवळ एवढ्या मोठ्यानं वाजवली, पोरगी दचकली, माझा हात सरकला."

सकाळपासून ती पिपाणी इतकी वाजत होती, की नेमकी त्या वेळी ती गप्प होती हे कुणाच्या लक्षात राहणार? हॅनाला माहीत असेल, पण तिला मराठी येत नव्हतं. माहीत होतं ते मामांना. सगळे मामांकडं वळले. त्यांचे गाल अजून फुगलेले होते. ते गाल हळूहळू खाली बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अगदी थोडा वेळ. मग काखेतला ट्रम्पेट पाठीमागं लपवला, चोरी सापडलेल्या पोरासारखा.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मग ते आत आले आणि आजोबांपुढं हात जोडून उभे राहिले. आजोबांनी जे काही ऐकवायचं ते मामांना ऐकवलं. बँडवाल्यांची सगळी जात, त्यांचे कोट, त्यांचं पिणं. मामा प्यायचे नाहीत, तरी "व्हय, व्हय" म्हणत होते. बोलून बोलून आजोबा थकले, तेव्हा मामांनीच पारूला मांडीवर घेतलं, आणि दुखरी दाढ मी काढली. ह्या वेळी कुणाकडं न बघता. पारूनं हूं की चूं केलं नाही. उठली, तोंडातला कापूस गालात सरकवला आणि विचारलं,

"माजी वरात?"

"वरात न्हाय आनि बिरात न्हाय," आजोबा म्हणाले. "चल घरी."

तेव्हा ती रडली. दाढेसाठी नाही, वरातीसाठी. रस्त्याच्या वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. मामांनी मुंडावळ्यांची गुंडाळी केली आणि कोटाच्या खिशात घातली.

परतताना टेंपोत मामा माझ्या शेजारी बसले. मी काही बोलेन म्हणून नाही. दुसरीकडं जागा नव्हती. मग तेच म्हणाले, "बरं झालं सायेब. गाव डाक्टरवर रुसलं तर पुन्हा कोण तोंड उघडंल? बँडवाल्यावर रुसलं तर काय, माघात पुन्हा बोलावतील." आणि त्यांनी ड्रायव्हरला चहाला थांबायला सांगितलं. मी त्या वाक्याला धरून कितीतरी वर्षं काढली. मामाच म्हणाले ना, बरं झालं. मग झालं बरं.

पुढल्या वर्षी मंडळीच्या समितीनं ठरवलं, फेरीत वाद्यं नकोत. ठराव मांडला गेला तेव्हा मी तिथं होतो. पाणी पीत होतो. निघायच्या दिवशी सकाळी मामा लाल कोट घालूनच आले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं. मामा म्हणाले, "हां हां, बरोबर हाय," आणि सगळी खोकी चढवून दिली. मग फाटकाशी उभं राहून विचारलं, "औंदा कुनीकडं, सांगोला का दुधनी?" मी म्हटलं, दुधनी. "मग बायी तेगी ध्यानात ठेवा." टेंपो निघाला. प्रार्थना पाळकसाहेबांनी केली, लांबलचक. दुधनीला पहिल्या पोरानं किंकाळी फोडली आणि रांग कुंपणावरून गेली.

मामा मात्र दर पौषात मला रस्त्यात कुठंतरी गाठायचेच. "काय सायेब, औंदा कधी निघायचं?" असं, जणू तेही येणारच आहेत. मी तारीख सांगायचो. ते मान डोलवायचे, "चांगलंय, चांगलंय." पौषात बायको त्यांना घरात बसू देत नव्हती, आणि जायला आता ठिकाण नव्हतं.

एकदा स्वतःची ती ठणकणारी दाढ घेऊन ते माझ्या दवाखान्यात आले. गाल एका बाजूनं फुगलेला, एकच पेढा. खुर्चीत बसताना त्यांनी दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या दिव्याखाली ते तोंड उघडून पडलेले, बोलता न येणारे. माफी मागायला याहून चांगली वेळ कुणाला मिळत नाही. मी म्हणालो, "आणखी आ करा." दाढ निघाली. मी ती वाटीत टाकली. मामांनी मान वर करून वाटीत बघितलं आणि कापूस धरलेल्या तोंडानं विचारलं,

"बरोबरचीच काढली न्हवं?"

आणि असे हसले, की कापूस उडून माझ्या कोटावर पडला. मीही हसलो. पोट धरून हसलो. हसण्यात ती वेळ गेली. जाताना दारात वळून ते म्हणाले, "वरात न्हाय होय?"

शेवटचे दिसले ते नवी पेठेच्या अलीकडं, लग्नाच्या दाट तिथीला. मी रिक्षात होतो, आणि पुढं रस्ताभर वरात. रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. बघतो तर वरातीच्या पुढं मामा. केस पांढरे, लाल कोट आता अंगात ढिला. फार वेळ वाजवत नव्हते; दोन सूर काढायचे आणि ट्रम्पेट खाली घेऊन पोरांना पुढं वाजवू द्यायचे. त्यांनी मला बघितलं. मी दांडी धरून खाली उतरलो. आज सांगायचं, असं त्याच क्षणी ठरलं, आणि ठरल्याबरोबर पाय चालायला लागले.

मी जवळ पोचायच्या आत त्यांनी मागं वळून हात वर केला. बँड थांबला. मामांनी ट्रम्पेट तोंडाला लावला, गाल भरले, आणि ती चाल सुरू केली. शाळेपासून पिंपळापर्यंतची. मागच्या पोरांनी ती उचलली. ताशा पेटला. नवरदेवाच्या मित्रांना काय, त्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं आणि मध्ये ओढलं. कुणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी ह्या वयात, चष्मा सांभाळत, रस्त्याच्या मध्यभागी नाचत होतो. नाचत नाचत मामांच्या कानाशी गेलो आणि ओरडलो, "मामा, ते त्या दिवशीचं...!" ताशावाला माझ्या पाठीशीच होता. मामांनी कानाला हात लावला, हसले, ट्रम्पेट काढून तोंड मोठ्ठं उघडलं आणि बोटानं मला दाढेची रिकामी जागा दाखवली. मग पुन्हा वाजवायला लागले. वरात वळणावर गेली, लाल कोट दिसेनासा झाला, आणि रिक्षावाला मागून ओरडत होता, काका, येताय का जाऊ?

माघात पुन्हा तिथ्या निघायच्या आत मामा गेले. ताशाच्या आवाजात राहून गेलेलं वाक्य माझ्याजवळ तसंच आहे. ते लांब नव्हतं, त्यांच्या प्रार्थनेएवढंच.

मामा, तुम्ही वाजवत नव्हता. मी फोटोकडं बघत होतो. चुकलं माझं.